पाहण्याचा छंद

लोणावळा स्टेशनात पुण्याची लोकल सुटायला वीस मिनिटे होती. दुपारची वेळ. फलाटावरच्या बाकाशेजारी एक मावशी भाजी विकून परत निघालेल्या. डोके गुडघ्यावर टेकलेले, शेजारी रिकामी पाटी. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांची आकृती कागदावर उतरवू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "काय लिवताय दादा?"

"लिहीत नाही मावशी, तुमची पाटी काढतोय," मी म्हणालो, आणि जरा अभिमानानेच वही त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती नीट पाहिली. मग पाटीकडे पाहिले. पुन्हा वहीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ही माझी न्हाय. माझ्या पाटीचा काठ तुटलाय. त्यो कुठं हाय?"

श्रोतेहो, पाटीचा काठ खरोखरच तुटलेला होता. चांगला वीतभर. चिंधी गुंडाळून तो बांधलेला होता. मी तब्बल पंधरा मिनिटे त्या पाटीकडे पाहत होतो आणि काढली मात्र भलतीच पाटी. काढली ती माझ्या डोक्यातली, चांगली गोल, अख्ख्या काठाची. समोरची पाटी मी पाहिलीच नव्हती.

आज मला तुमच्याशी एका छंदाविषयी बोलायचे आहे. रोजच्या जीवनातली साधी दृश्ये उघड्यावर बसून पेन्सिलीने रेखाटण्याचा हा छंद. पण त्या मावशींनी मला शिकवले ते आधी सांगितले, कारण ह्या छंदाचे सगळे मर्म त्या तुटलेल्या काठात आहे. हा छंद हाताचा वाटतो, पण तो खरा डोळ्यांचा आहे. हाताने काढायचे ते एवढ्यासाठीच, की डोळ्यांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही ह्याचा झाडा कागद देतो.

आता तुम्ही म्हणाल, "हे चित्रकार मंडळींचे काम. आम्हाला साधा आंबा काढता येत नाही." तर आधीच सांगून टाकतो, मी चित्रकार नाही. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. शाळेत असताना ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेत मी सपशेल नापास झालो. सुरई आणि दोन लिंबे काढायची होती. माझी सुरई एका बाजूला कलली आणि लिंबे हवेत राहिली. "तुझ्या बोटांत कला नाही," असे त्या वेळी माझ्याविषयी ठरून गेले आणि मीही ते खरे मानले. पुढे पंचवीस वर्षे पेन्सिलीने मी फक्त पेपर तपासले. मग एकदा गाडी चुकली, दोन तास रिकामे मिळाले, आणि खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर समोरचे पिंपळाचे झाड काढून पाहिले. झाड काही बरे जमले नाही. पण ते दोन तास कुठे गेले हे कळले नाही, आणि त्या झाडाची एक फांदी सिग्नलच्या खांबाला चुकवून वाकली आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसले. त्या दिवसापासून वही पिशवीत आहे.

आणि खरे सांगायचे तर रेघ काढता येत नाही असा माणूस आपल्या खेड्यात सापडणार नाही. आपल्या आया-बहिणी सकाळी उंबऱ्यापुढे रांगोळी घालतात. चिमटीतून पडणारी ती धार कुठे जाड, कुठे बारीक, पण तुटत नाही. शेतकरी नांगराचे पहिले तास धरतो तेव्हा तो पायाखाली पाहत नाही. समोरच्या बांधावरचे एखादे झाड नजरेत धरतो आणि त्या रोखाने बैल हाकतो. तास सरळ येते. कागदावरही नेमके हेच करायचे. पेन्सिलीच्या टोकाकडे पाहू नका. रेघ जिथे पोचायची आहे तिथे पाहा. मला हे कुठल्या पुस्तकातून कळले नाही, नांगरावरून कळले.

आता शिक्षक मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. मावळातल्या कुठल्याही शाळेत जा आणि चौथीच्या मुलांना सांगा, "डोंगराचे चित्र काढा." काय येईल? शेजारी शेजारी दोन त्रिकोण, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, पुढे वाहणारी नदी, नदीकाठी नारळाचे झाड! वर्गाच्या खिडकीतून विसापूरचा किल्ला दिसतो आहे. त्याचा माथा लांबच लांब, सपाट. त्याला कुठेही टोक नाही. पण मूल खिडकीबाहेर पाहत नाही. ते आधीच्या वर्षीच्या मुलाने काढलेला डोंगर काढते, त्याने त्याच्या आधीच्याचा काढलेला असतो. मावशींची पाटी मी काढली तशीच ही गत.

मग काय करावे? मुलांना वर्गाबाहेर आणावे आणि विचारावे, "हा डोंगर उभ्या रेघांनी बनला आहे की आडव्या?" मुले पाहतील आणि सांगतील, आडव्या. कारण आपला सह्याद्री थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले. त्या थरांपैकी कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून उताराचे झाले. म्हणून कडा, मग उतार, मग पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. आधी पाच-सहा आडव्या रेघा काढा, मग त्यांना उतारांनी जोडा. कागदावर विसापूर उभा राहतो. चित्रकला आणि भूगोल असे दोन तास एकदमच झाले!

सामान काय लागते ते सांगतो. एक कोरी वही, बिनरेघांची. दोन पेन्सिली: एक साधी एच. बी., दुसरी मऊ आणि काळीभोर येणारी, फोर बी. एक चाकू. बस्स. खोडरबर घरी ठेवावे. रबर हाताशी असले की माणूस काढण्यापेक्षा पुसण्यातच रमतो. चुकलेली रेघ राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढावी; चुकलेली रेघच सांगते की बरोबर रेघ कुठे आहे. वही नसेल तर चुलीतला कोळसा आणि मागच्या दाराची फरशी चालते. मुलांना पाटी चालते.

बसल्यावर पहिला प्रश्न पडतो, एवढ्या मोठ्या देखाव्यातले काढावे काय? त्याला एक युक्ती आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला मधोमध काड्यापेटीएवढी चौकोनी खिडकी कापा आणि तीतून पाहा. खिडकीत जेवढे येईल तेवढेच आपले. बाकीचे उद्यासाठी. दुसरा प्रश्न मापाचा. हात पुरता ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि झाडाची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजा. मग तेच माप झोपडीवर ठेवा. झाड झोपडीच्या तिप्पट निघाले, तर कागदावरही तिप्पट. गवंड्याला जसा ओळंबा, तशी आपल्याला ही पेन्सिल.

दूरचे आणि जवळचे कसे दाखवावे, हे शिकायला पवनेच्या जलाशयाकाठी जाऊन बसावे. पावसाळा सरत आला की हवा धुतल्यासारखी होते. समोर पाणी, काठाची झाडे गडद. त्यामागे तिकोना, तीन कोनांचा, जरा फिकट. पलीकडे सुळक्यासारखा तुंग. आणि सगळ्यांत मागच्या रांगा इतक्या फिकट की आभाळ कुठे सुरू होते ते कळू नये. जवळचे ते गडद, दूरचे ते फिकट. एवढे एक सूत्र धरले तर एकाच पेन्सिलीने चार कोसांचे अंतर दाखवता येते. आणि लांब जाणाऱ्या रेघा एकमेकींकडे कशा येतात हे पाहायचे असेल, तर स्टेशनच्या पादचारी पुलावर उभे राहून रुळांकडे पाहावे. रुळांजवळ मात्र जाऊ नये; पूल आहे तोच बरा.

निर्जीव वस्तूंनी सुरुवात करावी. तांब्या, कंदील, दाराशी टेकवलेले इरले. इरले हल्ली विरळाच. लावणीला सगळे प्लास्टिकचा कागद पांघरतात, तो हलका पडतो आणि स्वस्तही. पण एखाद्या घरी माळ्यावर ते असेल तर काढून ठेवा. त्याच्या कामट्यांची वीण, वरची पाने आतून कशी दाबून बसवली आहेत, हे काढताना समजते. ज्याने ते विणले त्याच्या बोटांचे कसब तुमच्या बोटांना कळते.

मग जनावरे. गाय रवंथ करीत बसलेली असेल तर ती फार गुणी. अर्धा तास हलत नाही. शेळी मात्र भरवशाची नाही. दोन रेघा झाल्या की निघाली! अशा वेळी एकाच पानावर पाच-सहा अर्धवट शेळ्या सुरू करून ठेवाव्यात. ती पुन्हा तशी उभी राहिली की ती शेळी पुढे न्यावी. चिखलणीचे बैल, लावणीला ओळीने वाकलेल्या बाया, कापणीनंतर पेंढ्यांच्या उडव्या, उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजल्याचा वर चढणारा धूर. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही राहा, बारा महिन्यांची बारा चित्रे दारातच आहेत.

माणसे काढताना मात्र थोडी रीत पाळावी. शक्य असेल तिथे विचारावे. बायामाणसांना तर विचारावेच. कोणी "नको" म्हटले तर वही मिटावी, वाद घालू नये. काढून झाले की दाखवावे. ज्याचे चित्र त्याचा पहिला हक्क. आणि तो जे म्हणेल ते ऐकून घ्यावे. बाजारात बसून काढताना भोवती दहा माणसे जमतात, पाचजण सूचना करतात. सुरुवातीला मला ह्याचा संकोच वाटे. आता वाटत नाही. त्या पाचांतल्या एकाची सूचना हमखास बरोबर असते.

आपल्या भागात ही परंपरा नवी नाही. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्यात गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट नावाचा एक चित्रकार होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठी तो काम करी. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, त्याच्याबरोबरही त्याने काम केले. पेशव्यांच्या पशुशाळेतला गेंडा गंगारामाने १७९० च्या नोव्हेंबरात काढला. वेरूळची लेणी त्याने काढली. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत. मी इतिहास शिकवतो. त्या काळाची पत्रे, जमाखर्च, बखरी आपल्याजवळ ढिगाने आहेत. पण तो गेंडा दिसत कसा होता, हे विचारायचे तर तांबटाच्या कागदाकडेच जावे लागते. पुढच्या काळात कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच अध्यापक झाले. मोठी पौराणिक चित्रे तर त्यांनी काढलीच. पण मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, त्यांची पागोटी, लुगडी, चालण्याची ढब त्यांनी इतकी टिपली की शंभर वर्षांपूर्वीची मुंबई पाहायची तर आजही धुरंधरांची चित्रे काढावी लागतात.

लेण्यांचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकांना आणखी एक सुचवतो. शाळेची सहल कार्ल्याला जाते. एकवीरा आईचे दर्शन होते, शेजारच्या चैत्यगृहात मुले शिरतात, फोटो निघतात आणि दहा मिनिटांत सगळी बाहेर. मी एकदा आमच्या तीस-पस्तीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आणि प्रत्येकाला एकेक खांब वाटून दिला. "ह्या खांबाच्या माथ्यावर काय आहे ते काढा, मग डबा खा." चैत्याची लांबी सुमारे १२४ फूट. स्तूपाकडे जाताना दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब. माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. आधी मुले कुरकुरली. अर्ध्या तासाने कुरकुर थांबली. एकजण म्हणाला, "सर, माझ्या जोडीतल्या बाईचा हात बघा, तिने तो शेजारच्याच्या खांद्यावर ठेवलाय." दुसरा म्हणाला, "माझ्या जोडीत तसं नाही." तेव्हा सगळ्यांना उमगले की हे साचे नव्हेत, दोन हजार वर्षांपूर्वी कोणा कारागिराने दर खांबापाशी नव्याने विचार केला आहे. मग वर पाहिले, तर छताला लाकडी कमानी. कातळाला लाकडाच्या फासळ्यांची गरज काय? लाकडी इमारतींची सवय कारागिरांनी दगडातही सोडली नाही, म्हणून. हे मी वर्गात दहा वेळा सांगितले होते. त्या दिवशी मला सांगावे लागले नाही, त्यांनीच विचारले. चित्रे फारशी बरी आली नव्हती. पण ती पोरे कार्ले पाहून आली.

मोकळ्या हवेतली करमणूक म्हटली की लोणावळ्यात आता एकच चित्र डोळ्यांपुढे येते. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, धबधब्यापाशी रेटारेटी. २०२४ च्या जूनअखेरीस भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे डोळ्यांदेखत वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. मी कोणाला दोष देत नाही. आठवडाभर राबलेला माणूस चार तास आनंदाला आला होता. एवढेच म्हणतो, की वही घेऊन बसणाऱ्याला पाण्यात उतरावे लागत नाही. त्याला लांबूनच बरे दिसते. आणि जो अर्धा तास एका जागी बसून पाण्याकडे पाहतो, त्याला पाणी चढू लागलेले इतरांच्या आधी दिसते. तरीही कड्याच्या काठावर, ओल्या शेवाळावर, ओढ्याच्या पात्रात बसू नये. पावसात देवळाचा सभामंडप उत्तम. पेन्सिल ओल्या हवेतही चालते, पेनची शाई पसरते.

हल्ली खिशात फोन असतो, टिचकी मारली की फोटो. मग हा उपद्व्याप कशाला, असे मला विद्यार्थी विचारतात. फोटोशी माझे भांडण नाही, मीही काढतो. पण ह्या प्रश्नाचे माझे उत्तर घरातले आहे. ते सांगतो आणि थांबतो.

माझे वडील पवन मावळातल्या एका लहान गावचे शेतकरी. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी उशाशी बसत असे. ते फार बोलत नसत. मलाही काय बोलावे ते सुचत नसे. एका दुपारी ते झोपले असताना मी वही काढली आणि पांघरुणावर टेकलेला त्यांचा उजवा हात काढू लागलो. मावशींच्या पाटीची आठवण होती, म्हणून सावकाश पाहत होतो. करंगळीपाशी आलो आणि थांबलो. मधल्या पेरापासून ती बाहेरच्या बाजूस वाकलेली होती. माझे वय त्रेचाळीस. त्या हाताने मला पाटीवर ग म भ न गिरवायला शिकवले, त्या हाताचा मार खाल्ला, त्या हातावर दर दिवाळीला डोके टेकवले. आणि ही करंगळी वाकडी आहे हे मला ठाऊक नव्हते.

ते जागे झाल्यावर मी विचारले. ते हसले. म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आदल्या साली. चिखलणीला कासरा बोटाला गुंडाळला होता, बैल बुजला." पवनेला पूर होता, डॉक्टरकडे जाता आले नाही. आजीने कामट्या लावून फडक्याने बोट बांधले. "मग लावणी?" मी विचारले. "लावणी थांबती व्हय? डाव्या हातानं केली." मग त्या बैलाचे नाव, तो कुठल्या बाजारातून आणला, आजी काय काय बोलली, असे दिवेलागणीपर्यंत ते बोलत राहिले. त्या आजारात एवढे ते पुन्हा कधी बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी ते गेले.

घरात त्यांचे पुष्कळ फोटो आहेत, लग्नकार्यातले, सत्यनारायणाचे. मी सगळे चाळले. करंगळी एकातही दिसत नाही. कुठे हात जोडलेला आहे, कुठे टॉवेलाखाली आहे. ती फक्त माझ्या वहीत आहे. चित्र म्हणाल तर साधेच आहे. अंगठा जरा मोठा झालाय.

तेव्हा आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या कोणा वडीलधाऱ्या माणसाला दिव्यापाशी बसवा. मुलाच्या वहीतले एक पान घ्या, पेन्सिल घ्या आणि त्यांचा हात काढा. घाई करू नका. काही वेगळे दिसले, की विचारा.